सामंतांची फळी

आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागे प्लायवूडची एक फळी उभी आहे. मधोमध बिजागऱ्या, उघडली की दरवाजाएवढी. केर काढताना दर वेळी मेली आडवी येते. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई, थ्रो अवे लाह, सो अग्ली." मी तिच्याकडे असं काही बघितलं की पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ती फळी सामंतांची. सामंत आता नाहीत. आणि होते तेव्हाही शेवटी शेवटी त्यांना या फळीवाचून आमच्या गाण्यातलं काही कळत नव्हतं. बँडमध्ये बँजो वाजवणाऱ्या या माणसाचे कान चालले होते, आणि त्याला बँड सोडायचा नव्हता. एवढीच काय ती गोष्ट.

सामंत मूळचे वेंगुर्ल्याचे. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनीअर, राहायला यिशुनला. त्यांची माझी गाठ पडली इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मी व्हायोलिनवर एक नाट्यपद वाजवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी साडीचं कौतुक केलं. प्रसादाच्या रांगेत एक मिशाळ गृहस्थ मागून म्हणाले, "गो, हात चांगला आहे तुझा. पण काय ते गोडमिट्ट वाजवतेस! जरा खरखरीत वाजवता येईल का?"

मी म्हटलं, "काका, व्हायोलिन आहे, किसणी नाही."

"काका म्हणू नकोस. काका म्हटलं की पेन्शनीत गेल्यासारखं वाटतं. सामंत म्हण."

असं मी त्यांना, वयाने वीस वर्षांनी मोठ्या माणसाला, 'अहो सामंत' म्हणायला लागले आणि त्यांच्या बँडमध्ये दाखल झाले. दोन हजार तेराच्या आसपासची गोष्ट. बँडचं नाव मँग्रोव्ह बॉइज. मी बाईमाणूस बॉइजमध्ये कशी, हे विचारायचं नाही. गाणी ब्लूग्रासची, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या गरीब माणसांची. आई वारली, आगगाडी सुटली, ती दुसऱ्याशी लग्न करून गेली, असले विषय आणि चाल मात्र अशी की बसल्या जागी पाय हलावा. आम्ही चौघं. गिटार वाजवून गाणारा लिम, भूगोलाचा शिक्षक, व्हॅन त्याचीच. उभा बास, म्हणजे माणसाएवढं थोरलं व्हायोलिन, वाजवणारा वेन, केंटकीचा, मूळ गाणी त्याच्या आज्याची. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, मी. बँजो सामंत. ढोल-तबला काही नाही. आणि माइक एकच. ही ब्लूग्रासची जुनी रीत. सगळ्यांनी एका माइकभोवती अर्धगोल उभं राहायचं, ज्याची पाळी त्याने पुढे सरकायचं, वाजवायचं आणि दुसऱ्याला वाट देत मागे यायचं. सामंत मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, "पुढे कोणीही जातं गो. मागे कधी यायचं ते ज्याला कळतं तो वाजवणारा."

बँजो त्यांच्याकडे आला तो प्लांट सुरू करायला आलेल्या एका अमेरिकन इंजिनीअरकडून. तो परत जाताना देऊन गेला. सामंतांनी तो एकट्याने, इंटरनेटवर बघून बघून शिकून घेतला. नलिनीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "पहिलं वर्षभर घरात कुणी पत्र्यावर गारा टाकतंय असं वाटायचं."

शुक्रवारी कामावरून सुटलं की आम्ही यिशुनला सामंतांच्या ब्लॉकखाली जमायचो आणि पूल ओलांडून मलेशियात जायचो. जोहोर, मलाक्का, इपोह, पेनांग. कुठे क्लब, कुठे लग्न, कुठे नुसताच बाजार. माझा नवरा सासूबाईंना फोनवर सांगायचा, "रेवती ऑफिसच्या टूरवर गेलीये." बँकेत हिशेब तपासणारी सून अमेरिकन शेतकऱ्यांची गाणी वाजवत मलेशियाभर हिंडते, हे सांगलीला सांगायचं कसं? सामंतांना मात्र कसला संकोच नव्हता. त्यांचे आजोबा दशावतारात झांज वाजवायचे. "आमचा धंदाच हा," म्हणायचे, "पेटारा डोक्यावर घ्यायचा आणि या गावातून त्या गावात. मधे मी उगाच इंजिनीअर झालो."

व्हॅन सुटायच्या आधी ते गाऱ्हाणं घालायचे. अगदी वेंगुर्ल्याच्या देवळात घालतात तसं, हात जोडून, खड्या आवाजात. खाली सायकल लावणारे चिनी आजोबा थबकून बघायचे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. लिमचा 'म्हाराजा' सुरेख लागायचा. वेनचा केंटकीमार्गे यायचा.

"आज ही तुझी लेकरां परमुलखात खेळ करूक चलली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडयेचां चाक, फिडलाची तार आणि लिमचो गळो, ह्येंका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत कोण आडवो इलो तर त्येका उभो कर, आणि उभो आसलो तर नाचव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मग व्हॅन सुटायची. एकदा घाईत गाऱ्हाणं राहिलं आणि पुलावर टायर पंक्चर झालं, तेव्हापासून लिमच आठवण करायला लागला, "सॅम, महाराजा फर्स्ट."

आणि फळी. ती त्यांनी स्वतः बनवली होती, कुणीतरी टाकून दिलेल्या खोक्याच्या प्लायवूडची, खाली पट्ट्या ठोकून, म्हणजे पाय आपटला की घुमावी. स्टेजवर ती अंथरल्याशिवाय हा गृहस्थ वाजवायचा नाही. आम्ही चौघांनी त्या फळीवरच उभं राहायचं. बाकीच्यांनी बूट-चपला घालून, आणि सामंत मात्र देवळात शिरल्यासारखे बूट काढून, अनवाणी. मी वैतागायचे. "अहो सामंत, चांगलं सागवानी स्टेज आहे, ही कळकट फळी कशाला?"

"दशावतारात एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच जंगल, तेच कैलास. ते नसेल तर राजा बसणार कुठे? हे आपलं बाकडं."

इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने एकदा फळी उलटीपालटी करून, ठोकून बघितली. म्हणाला, हे काय आहे? सामंत गंभीरपणे म्हणाले, "दॅट इज अवर ड्रमर, सर." तो हसला आणि आम्हाला सोडलं. आम्हीही हसलो. सामंतांनी किती खरं सांगितलं होतं ते तेव्हा कुणाला ठाऊक!

मला ते कळलं नलिनीवहिनींकडून. त्यांच्या घरी आंबोळ्या खायला गेले होते. बाहेर टीव्ही एवढा मोठ्याने लावलेला की स्वयंपाकघरात आम्ही ओरडून बोलत होतो. मी म्हटलं, वहिनी, शेजारी भांडायला कसे येत नाहीत? तर त्या तव्यावरची आंबोळी उलटायची सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरले.

"डावा कान गेलाय त्यांचा. उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही. मला शपथ घातलीय कुणाला सांगायचं नाही म्हणून. बँडवाल्यांना तर मुळीच नाही."

"पण झालं कसं?"

"कसं म्हणजे? स्वतःच्या हाताने." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "तिथे त्या मोठ्या कॉम्प्रेसरपाशी कानांवर टोपणं घालायची सक्ती आहे. सगळे घालतात. हे काढायचे. का, तर मशीन कुठल्या सुरात गातंय ते ऐकायचं. घरी येऊन मला कौतुकाने सांगायचे, आज काळी दोनमध्ये होता, आज जरा उतरला होता, बेअरिंग बघायला हवं. आणि बघितलं की खरंच बेअरिंग गेलेलं असायचं! सगळे वाहवा करायचे. मी पण केली, मेलीने. वर्षानुवर्षं तेच. मशिनं दुरुस्त झाली गो, कान गेले."

आंबोळी करपली. ऐकण्याच्या नादात ज्याचं ऐकणं गेलं त्याला काय म्हणायचं? बाहेर सामंत ओरडत होते, "अरे, आंबोळी करपल्याचा वास येतोय!" नाक शाबूत होतं.

त्या दिवशी मला फळीचा उलगडा झाला. सामंत अनवाणी पायांनी ऐकत होते. लिमचा बूट फळीवर पडायचा तो त्यांच्या तळव्यात वाजायचा. माझी पाळी संपली हे ते माझ्या खांद्यावरून ओळखायचे. बाकीचं बोटांना पाठ होतं.

शपथ वहिनींनी मोडली होती, मी कुठली पाळणार? शनिवारी सामंत चहा आणायला गेले तेवढ्यात मी लिमला हळूच सांगायला गेले, तर तो गिटारच्या तारा पुसत म्हणाला, "आय नो लाँग टाइम ऑलरेडी. ही लुक्स ॲट माय शू." आणि पाय पुढे करून दाखवला. भूगोलाच्या मास्तराने जाड लाकडी टाचेचे नवेकोरे बूट घेतले होते. वेनने खिन्नपणे मान हलवली. त्यालाही माहीत होतं. म्हणजे तिघांना वेगवेगळं माहीत, आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून लपवतोय! झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही, फक्त पाय जोरात आपटायचे. मीही नाजूक चपला सोडून टाचेचे बूट घेतले. दर शोनंतर माझी पोटरी ठणकायची, आणि सामंत खुशीत म्हणायचे, "सुधारलात रे तुम्ही! आता कसा ताल पक्का झालाय! आधी काय, लिम एकीकडे, तू एकीकडे. माझ्या संगतीचा परिणाम!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणायचे.

अशी दोन वर्षं आम्ही त्यांना पायांवर तोलून धरलं. त्या दोन वर्षांत सामंतांइतका सुखी माणूस मी बघितला नाही. आठवडाभर जुरोंग आयलंडच्या बसमध्ये डुलक्या घ्यायच्या, आणि शुक्रवारी थर्मासमध्ये सोलकढी, डब्यात खाजा आणि काखेत बँजो घेऊन ब्लॉकखाली सर्वांच्या आधी हजर. "खंय होतंस गो? माझा जीव वर खाली होतो इथे!" आणि मी यायचे ती घड्याळात बघत. वेळ झालेलीच नसायची.

मग इपोहचा तो क्लब आला. मोठा मानाचा कार्यक्रम, कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस. स्टेजवर लालभडक गालिचा, पाय घोट्यापर्यंत रुतावा असा. मॅनेजर फळी बघून दचकला. ही घाण गालिच्यावर? चालणार नाही. लिमने विनवलं, वेनने विनवलं, मी तर भांडलेच. सामंत सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. फळी बाहेर गेली हे त्यांना दिसलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला घरी. नाही वाजवायचं आपल्याला."

"खुळी काय तू? माणसं जमलीयत. दशावतारी कधी खेळ मोडत नाही."

पहिली दोन गाणी निभावली. त्यांची नजर लिमच्या बुटावर खिळलेली होती. पण गालिचा बूट गिळत होता. तिसरं गाणं जलद. मी माइकपाशी वाजवत होते, माझी पाळी संपायची होती, तेवढ्यात सामंत पुढे सरकले. सामंत, ज्यांनी मला मागे यायला शिकवलं! बँजोची मान माझ्या हातावर आपटली, हातातला गज उडून पडला. लिमने कसंबसं पुढचं कडवं उचललं, वेनने सावरलं, आम्ही गाणं संपवलं.

आम्ही संपवलं. सामंत थांबले नाहीत. डोळे मिटलेले, मिशीत हसू, बोटं पावसासारखी पडतायत. सगळ्या हॉलमध्ये तो एकटा बँजो. लोकांना वाटलं ही गंमतच आहे, ते हसून टाळ्या वाजवायला लागले. आमच्यापैकी कुणालाही त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर होईना. इतकं सुंदर वाजवत होते हो ते. मग त्यांनी डोळे उघडले. माझा रिकामा हात बघितला. लिमचा गिटारवर आडवा ठेवलेला तळवा बघितला. आणि लोकांची हसणारी तोंडं.

त्यांनी वाकून नमस्कार केला आणि एक पाऊल मागे आले.

बाहेर व्हॅनपाशी फळी भिंतीला टेकून ठेवलेली होती. सामंत तिच्याशेजारी उभे राहिले. मला विचारलं, "मी एकटा किती वेळ वाजवत होतो?"

"थोडाच," मी मोठ्याने म्हटलं.

"खोटं बोलू नकोस गो. आणि ओरडू नकोस. तोंड माझ्याकडे कर म्हणजे कळतं." मग तिघांकडे बघून, "कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी लिमच्या बुटांकडे बघितलं, मग माझ्या. टाचा बघितल्या.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी पाय आपटत होता? दोन वर्षं?" त्यांचा आवाज फाटला. "आणि मला वाटलं, तुमचा ताल सुधारला."

मी रडायला लागले. लिम तोंड फिरवून व्हॅनची काच पुसायला लागला, ती स्वच्छच होती. सामंतांनी माझा खरचटलेला हात हातात घेऊन बघितला, त्याच्यावर फुंकर घातली, आणि म्हणाले, "ज्याला ऐकू येत नाही, त्याने लोकांना ऐकवू नये. संपलं."

आम्ही खूप विनवण्या केल्या. गालिचा नसेल तिथेच जाऊ म्हटलं, फळी दुप्पट मोठी करू म्हटलं. वेनने तर, माझ्या पाठीला पाठ लावून वाजवा, बास हाडांतून कळेल, असं सुचवलं. सामंत ऐकून घ्यायचे, म्हणजे आमची तोंडं बघून घ्यायचे, आणि मान हलवायचे. दया येते म्हणून कुणी आपल्याला तोलून धरलं, हे त्यांना लागलं होतं. ती दया नव्हती हो. पण हे ऐकू न येणाऱ्या माणसाला तोंडाने कसं पटवायचं? कानातलं यंत्र त्यांनी लावून बघितलं. त्यात माणसं बोललेली थोडी कळायची, पण बँजो म्हणे डब्यात खडे हलवल्यासारखा ऐकू यायचा. यंत्र काढून ठेवलं. कंपनीने त्यांना टेबलावरचं काम दिलं.

घरी ते रोज वाजवायचे. बँजो छातीशी घट्ट धरून, हनुवटी त्याच्या कडेला टेकवून. आता सूर लावता येत नव्हता. लावून देणारी छोटी यंत्रं मिळतात, पण त्यांची त्यांनी जन्मभर टिंगल केलेली. "यंत्राला विचारून सूर लावायचा? उद्या भूक लागली का तेही विचाराल!" वहिनींनी मला सांगितलं, "रोज बेसूर वाजवतात गो. तारा कुठल्या कुठे गेल्यात. चेहरा मात्र असा असतो की वाटतं, आत बरोबर ऐकू येत असेल. मी समोर बसते. मान डोलावते." मग यिशुनला गेले की सामंत चहा करायला उठायची मी वाट बघायचे आणि हळूच खुंट्या पिळून सूर लावून ठेवायचे. त्यांना ते कधी कळलं नाही. वहिनींना दोन-चार दिवस बरं ऐकायला मिळायचं.

नोकरी संपल्यावर त्यांनी वेंगुर्ल्याला परत जायचं ठरवलं. जायच्या सकाळी आम्ही तिघं त्यांच्या ब्लॉकखाली गेलो. सामान आधीच गेलं होतं. वहिनी टॅक्सीपाशी बॅगा मोजत होत्या. सामंत आले ते फळी घेऊन. यिशुनच्या त्या सिमेंटच्या जमिनीवर त्यांनी ती उघडून अंथरली, हाताने पुसली, आणि बूट काढून वर चढले. आम्हाला खुणेने बोलावलं. आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो, मधे माइक असल्यासारखे अर्धगोल. त्यांनी हात जोडले. आवाज गरजेपेक्षा फार मोठा लागला. चिनी आजोबा सायकल धरून थबकले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"माजो खेळ आता संपलो आसा. ह्या तिगांचो चालू आसा, तो चालू ऱ्हवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते थांबले. मान जरा कलती करून वाट बघत राहिले. मला कळेना, मग एकदम कळलं. आमचं 'व्हय' त्यांना पोचलंच नव्हतं. गाऱ्हाण्याला व्हय मिळाल्याशिवाय पुढे जायचं कसं? ते आमच्या तोंडांकडे बघत होते, पण माझं तोंड मी पदराने झाकलं होतं आणि लिम-वेनने माना खाली घातल्या होत्या.

मग लिमने पाय उचलला आणि फळीवर आपटला. एक. वेनने आपटला. मी आपटला. मग तिघांनी मिळून, धाड, धाड, धाड, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, जीव खाऊन. ब्लॉकचा तळमजला घुमला. सामंतांनी खाली आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. पायाची बोटं फळीला घट्ट धरत होती.

"पोचलां," ते म्हणाले. "पोचलां गो."

आम्ही थांबलो नाही. त्यांनी आम्हा तिघांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि एक पाऊल मागे सरकून फळीवरून उतरले. सिमेंटवर त्यांना आता काही कळणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांनी बूट घातले, बँजो उचलला आणि मागे न बघता टॅक्सीत वहिनींच्या शेजारी जाऊन बसले. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही तिघं फळीवर पाय आपटतच होतो.